इजेक्शन सीट : वर बसणाऱ्याला पाचपैकी पाच, खाली राहणाऱ्याला किती?

लढाऊ विमानातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर नसेल इतका पायलटचा भरवसा इजेक्शन सीटवर असतो, आणि तिचं हँडल आयुष्यात कधी ओढावं लागू नये अशीच त्याची इच्छा असते. मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या सीटांनी आजवर साडेसात हजारांहून जास्त जीव वाचवले आहेत. रशियाच्या झ्वेझ्दाची के-३६ आणि अमेरिकेची एसेस-२ यांचं नावही तितक्याच आदराने घेतलं जातं. या वस्तूबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक सगळं सीटवर बसणाऱ्याच्या बाजूने. पण सीट निघून गेली की मागे आठ-दहा टनांचं विमान उरतं, टाकीत इंधन असतं आणि ते सगळं कुठेतरी पडतंच. सीटचा खर्चात न धरलेला दुसरा ग्राहक तिथे राहत असतो.

आधी पहिल्या ग्राहकाचं पाहू.

मांड्यांच्या मधे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं हँडल असतं. काही विमानांत ते सीटच्या दोन्ही बाजूंना असतं. ओढलं की सर्वांत आधी खांद्यांचे पट्टे वायूच्या दाबाने मागे खेचले जातात आणि पाठ सीटला टेकते. त्याच दमात कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उडते, किंवा काचेवर चिकटवलेली बारीक स्फोटक दोरी काचेचे तुकडे करते. हॉक आणि हॅरियर विमानांच्या काचेवर जी नागमोडी रेघ दिसते, ती हीच दोरी. मग सीटच्या पाठीमागच्या नळ्यांतली काडतुसं एकामागून एक पेटतात आणि सीट रुळावरून वर सरकते. पोटऱ्यांना बांधलेले पट्टे सीट वर जाता जाता आपोआप आवळतात. ते नसते तर गुडघे समोरच्या पॅनलवर आपटले असते आणि वाऱ्याच्या झोताने पाय फाकले असते. नळ्यांची लांबी संपते तिथे सीटखालचं रॉकेट पेटतं. ते जेमतेम पाव सेकंद जळतं, पण जमिनीवर उभ्या विमानातूनही पॅराशूट उघडण्याइतकी उंची तेच मिळवून देतं. त्यानंतर छोटं ड्रोग पॅराशूट सीटचं गरगरणं थांबवतं, मुख्य पॅराशूट बाहेर येतं आणि माणूस व सीट सुटे होतात. हँडलपासून फुगलेल्या पॅराशूटपर्यंत अवघे दोन-अडीच सेकंद. घटना साधारण १०,००० फुटांच्या वर घडली असेल तर हवेच्या दाबावर चालणारी एक कळ मुख्य पॅराशूट मुद्दाम अडवून धरते. विरळ, गोठवणाऱ्या हवेत लोंबकळत राहण्यापेक्षा माणूस लवकर खाली आलेला बरा.

शरीराला याची किंमत मोजावी लागते. वर फेकलं जाताना १२ ते १८ जी, म्हणजे शरीराच्या वजनाच्या तितक्या पट, भार पाठीवर येतो. छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथले मणके सर्वांत आधी दबतात. मान वाकलेली असेल किंवा बूड सीटवरून पुढे सरकलेलं असेल तर हे प्रमाण वाढतं, म्हणून हँडल ओढण्याआधी हनुवटी वर, डोकं मागे, कोपरं आत, हे पायलटला घोकून घोकून शिकवलेलं असतं.

झिरो-झिरो या शब्दाबद्दल बराच गैरसमज आहे. शून्य उंची आणि शून्य वेग असतानाही सीट माणसाला वाचवते एवढाच त्याचा अर्थ. मिग-२१ मधल्या जुन्या केएम-१ सीटला जमिनीवर असताना ताशी किमान १३० किलोमीटर वेग लागायचा. आजच्या सीटना तो लागत नाही. पण ही हमी विमान सरळ असताना आणि खाली जात नसतानाची आहे. विमान सेकंदाला ५० मीटर या वेगाने खाली येत असेल तर पायलटने एक सेकंद जास्त विचार केला की ५० मीटर गेले. विमान उताणं झालं असेल तर रॉकेट माणसाला थेट जमिनीकडे ढकलतं आणि मग सीट कितीही चांगली असली तरी खाली पुरेशी उंची लागतेच.

देखभालीत ही सीट लाडावलेल्या मुलासारखी आहे. प्रत्येक काडतुसाला दोन मुदती असतात, एक डब्यातली आणि एक विमानात बसवल्यानंतरची. यातली कुठलीही आधी संपली की ते बदलायचं. २०२२ मध्ये अमेरिकेत एका काडतुसात मॅग्नेशियमची पूडच भरलेली नसल्याचं तपासणीत आढळलं आणि अनेक प्रकारची विमानं जमिनीवर बसवून सगळी काडतुसं तपासावी लागली. पुडीभर पूड नसल्याने रॉकेटपर्यंत ठिणगीच पोचली नसती. त्याहून वाईट प्रकार ८ नोव्हेंबर २०११ रोजी ब्रिटनच्या स्कॅम्प्टन तळावर घडला. रेड आरोज या हवाई कसरतींच्या पथकाच्या हॉक विमानात, उड्डाणाच्या आधीची तपासणी चालू असताना, सीट उभ्या विमानातून उडाली. पॅराशूट उघडलंच नाही आणि पायलटचा मृत्यू झाला. हँडल आधीपासूनच जागेवरून हललेलं होतं आणि तशा अवस्थेतही सुरक्षा पिन आत जात होती, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटत होतं. आणि पॅराशूट ओढून काढणारी कडी सुटली नाही, कारण तिचा नट गरजेपेक्षा जास्त आवळला होता. २०१८ मध्ये मार्टिन-बेकरने कोर्टात दोष कबूल केला आणि ११ लाख पौंडांचा दंड झाला. बोटाएवढा नट आणि पानाचा अर्धा फेरा जास्त! अशा वस्तूला टॉर्क रेंच (नट ठरल्याइतकाच आवळणारा पाना) न वापरता हात लावू नये, हे लिहून ठेवायला एवढं कारण पुरे.

हे दोष धरूनही पहिल्या ग्राहकाकडून पाचपैकी पाच. तक्रारीला जागा नाही.

आता दुसरा ग्राहक. जवळपास प्रत्येक अपघातानंतर एक वाक्य छापून येतं: पायलटने विमान वस्तीपासून दूर वळवलं आणि मगच उडी घेतली. पायलटचा प्रयत्न खरा असतो यात शंका नाही, पण गणित मांडून पाहावं. विमान २५० नॉटने, म्हणजे सेकंदाला साधारण १३० मीटरने पुढे जातंय. उंची ३०० मीटर आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला २५ मीटर. पायलट बाहेर पडल्यावर विमान जमिनीला टेकायला १२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ते दीड किलोमीटर पुढे गेलेलं असतं. ज्या रिकाम्या शेताकडे नाक धरलं होतं ते केव्हाच मागे पडलेलं असतं. त्यात कॅनॉपी गेलेली, पुढच्या भागातलं सीट आणि माणसाचं वजन गेलेलं, रॉकेटचा धक्का बसलेला. म्हणजे विमानाचा तोलही पहिला राहत नाही. इंजिन बंद पडल्यामुळे हायड्रॉलिकचा दाब उतरलेला असेल तर कंट्रोल आधीच जड झालेले असतात.

तोल बदलल्याने काय काय होऊ शकतं याची दोन टोकं आहेत. २ फेब्रुवारी १९७० रोजी अमेरिकेत माँटानावर एक एफ-१०६ गरगरत खाली येत होतं. पायलट बाहेर पडताच विमान आपोआप सावरलं आणि बर्फाळलेल्या शेतात पोटावर अलगद उतरलं. दुरुस्त होऊन ते पुन्हा उडालं आणि आता डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात. दुसरी गोष्ट कोणी हसत सांगत नाही. ४ जुलै १९८९ रोजी पोलंडमधल्या कोवोब्जेग शहराजवळच्या तळावरून सोव्हिएत मिग-२३ उडालं. उड्डाणानंतर लगेच आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारा भाग) बंद पडला, इंजिनच गेलं असं समजून पायलटने अगदी कमी उंचीवर उडी घेतली. इंजिन गेलेलं नव्हतं. विमान ऑटोपायलटवर चढत गेलं आणि पूर्व जर्मनी, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स ओलांडत सुमारे ९०० किलोमीटर उडालं. अमेरिकेची दोन एफ-१५ त्याच्या शेजारून उडत होती आणि आतली सीट रिकामी असल्याचं त्यांना दिसत होतं. इंधन संपल्यावर ते बेल्जियममधल्या कोर्त्रैकजवळ एका घरावर पडलं. घरात असलेला एक तरुण गेला. सीटने तिचं काम चोख केलं होतं.

हे जुनं तंत्र होतं म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये साउथ कॅरोलिनात एफ-३५बी मधून पायलट बाहेर पडला आणि विमान त्याच्याशिवाय ११ मिनिटं २१ सेकंद उडत राहिलं. पडलं ते ६४ सागरी मैलांवर, जंगलात. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. नवीन विमानांचे फ्लाइट कंट्रोल कॉम्प्युटर माणसापेक्षा चांगलं सरळ उडवतात, त्यामुळे रिकामं विमान आता जास्त लांब जाऊ शकतं. सीट सुटल्याचं विमानाला कळतं, पण त्यानंतर काय करायचं हे कोणी त्याला सांगितलेलं नसतं.

खरी मेख हस्तपुस्तिकेत आहे. अमेरिकी लढाऊ विमानांचे नियम सांगतात की विमान ताब्यात असेल तर जमिनीपासून २,००० फुटांच्या वर आणि ताब्यात नसेल तर त्याहून बरंच उंचावर असतानाच बाहेर पडा. यामागचं कारण रास्त आहे. उशिरा निर्णय घेणारे पायलट मरतात. सीटच्या क्षमतेबाहेर गेल्यावर हँडल ओढल्याची उदाहरणं ढीगभर आहेत. पण जितक्या उंचावरून पायलट निघेल तितकं विमान बिनमाणसाचं जास्त लांब जाणार. पहिल्या ग्राहकाला लवकर निघायचंय, दुसऱ्याला तो शेवटच्या क्षणापर्यंत आत हवाय. सीट जितकी चांगली, तितका पायलटला आत थांबायला वाव जास्त, म्हणून झिरो-झिरो सीटने खालच्याचंही थोडं भलं केलं हे मान्य करायला हवं. जुन्या सीटवर बसलेल्याला इतकं थांबताच आलं नसतं.

मात्र खालच्या माणसाचं मरण-जगणं त्या शेवटच्या दोन सेकंदांत फारसं ठरतच नाही. ते कुठे ठरतं हे पाहायचं तर ८ डिसेंबर २००८ चा सॅन दिएगोचा अपघात घ्यावा. एफ/ए-१८डी विमान विमानवाहू जहाजावरच्या सरावाहून परतत होतं. उजव्या इंजिनात तेलाचा दाब कमी झाल्याचा इशारा आला आणि पायलटने ते बंद केलं. नियमाप्रमाणे बरोबर. आता सगळी मदार डाव्या इंजिनावर. विमानात इंधन शिल्लक होतं, पण ते डाव्या इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. इंधन एका टाकीतून दुसरीत नेण्याच्या व्यवस्थेतला हा बिघाड महिनोन्महिने माहीत होता आणि दुरुस्ती पुढे ढकलली जात होती. समोर दोन धावपट्ट्या होत्या. नॉर्थ आयलंडला पाण्यावरून उतरता आलं असतं, मिरामारला जायचं तर खाली घरं. स्क्वॉड्रनशी रेडिओवर बोलणं होऊन मिरामार ठरलं. धावपट्टी सुमारे तीन किलोमीटरवर असताना डावं इंजिनही विझलं. पायलट सुखरूप उतरला, विमान एका घरावर पडलं आणि एकाच कुटुंबातली चार माणसं गेली. मरीन कोअरने चौकशीनंतर अधिकाऱ्यांना पदावरून काढलं आणि २०११ मध्ये कोर्टाने कुटुंबाला १ कोटी ७८ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. या सगळ्यात सीटचा दोष शून्य. दोष दुरुस्तीच्या नोंदवहीत होता आणि धावपट्टी निवडण्यात होता.

म्हणून एखाद्या तळाची व्यवस्था तपासायची असेल तर सीटच्या मॉडेलच्या आधी काही साधे प्रश्न विचारावेत. एका इंजिनावर परतणाऱ्या विमानासाठी वस्तीवरून न जाणारी वाट ठरलेली आहे का? नियंत्रित उडीची जागा नकाशावर आखलेली आहे का, की पायलटने ती खिडकीतून बघून ठरवायची? पुढे ढकललेल्या दुरुस्त्यांची यादी कोण वाचतो आणि उड्डाण थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का? इंजिन बंद पडलेलं एफ-१६ दर १,५०० मीटर उंचीमागे साधारण १३ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं, मिग-२१ सारखं त्रिकोणी पंखांचं विमान यापेक्षा कितीतरी लवकर खाली येतं. म्हणजे एका विमानासाठी आखलेली वाट दुसऱ्याला चालतेच असं नाही. ३ मे २००२ रोजी जालंधरमध्ये मिग-२१ बँकेच्या इमारतीवर पडलं आणि आठ जण गेले. ८ मे २०२३ रोजी सुरतगडहून उडालेलं मिग-२१ हनुमानगड जिल्ह्यात घरावर पडलं, तीन स्त्रिया गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये रशियातल्या येयस्कला सुखोई-३४ नऊ मजली इमारतीवर आदळलं. या तिन्ही वेळा सीटने पायलटला बाहेर काढलं.

शाळांची नावं या यादीत वारंवार येतात. ३० जून १९५९, ओकिनावातली मियामोरी शाळा, एफ-१०० विमान: ११ विद्यार्थी आणि ६ रहिवासी. ६ डिसेंबर १९९०, इटलीतलं कासालेक्किओ, एमबी-३२६ प्रशिक्षण विमान: १२ विद्यार्थी. २१ जुलै २०२५, ढाक्यातलं माइलस्टोन स्कूल अँड कॉलेज, एफ-७ विमान: तीसहून जास्त मृत्यू, पायलटही गेला. वार पाहिले तर मंगळवारची सकाळ, गुरुवारची सकाळ, सोमवारची दुपार. सरावाची उड्डाणं कामाच्या दिवशी, उजेडात होतात आणि शाळाही तेव्हाच भरलेल्या असतात. रविवारी पहाटे तेच छत रिकामं असतं. उड्डाणांच्या वेळापत्रकात शाळेची घंटा धरणं हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि तो सर्वांत कमी वापरला जातो.

हवाई कसरतींची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे लोक मुद्दाम बोलावून उभे केलेले असतात. १९५२ मध्ये फार्नबरोला डीएच-११० हवेत तुटलं आणि २९ प्रेक्षक गेले, त्यानंतर सरळ उडणाऱ्या जेटला प्रेक्षकांपासून २३० यार्ड आणि कसरत करणाऱ्याला ४५० यार्ड अंतर घालून दिलं गेलं. २७ जुलै २००२ रोजी युक्रेनमधल्या स्कनिलिवला सुखोई-२७ प्रेक्षकांवरच कसरत करत होतं. दोन्ही पायलट सीटने वाचले, खाली ७७ माणसं मेली, त्यात २८ मुलं. अंतराचा नियम पन्नास वर्षं जुना होता, पाळला असता तर फक्त विमान गेलं असतं.

खालच्या माणसासाठी त्यातल्या त्यात बरी वस्तू कोणती असं विचारलं तर नाव ऑटो जीकॅस या जमिनीशी टक्कर टाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेचं घ्यावं लागेल. एफ-१६ मध्ये ती २०१४ पासून आहे. विमान जमिनीवर आदळणार असं दिसलं आणि पायलटकडून हालचाल नसली (बेशुद्ध पडला, दिशा चुकला, नजर दुसरीकडे होती) तर ती स्वतःच विमान सरळ करून वर खेचते. पायलट वाचतो, विमान वाचतं, खाली काही पडतच नाही. मर्यादा एवढीच की मेलेलं इंजिन ती जिवंत करू शकत नाही.

तर हिशोब असा: बसणाऱ्यासाठी पाच. खालच्यासाठी सीटला दोन, तेही झिरो-झिरोने दिलेल्या जादा सेकंदांचे. ऑटो जीकॅसला खालच्याकडून चार.

आणखी एक गोष्ट या वस्तूच्या पाकिटावर लिहिलेली नसते. अपघातानंतर सीट विमानापासून बरीच लांब, कुणाच्या तरी शेतात किंवा गच्चीवर पडलेली सापडते. ती वापरून झालेली दिसली तरी तिच्यात न पेटलेली काडतुसं असू शकतात. उचलायची नाही, उलटी करायची नाही, पिवळ्या-काळ्या हँडलला तर बोटही लावायचं नाही. कॉकपिटवर लाल त्रिकोणाची खूण असेल आणि सीट अजून आतच असेल, तर वरच्या बाजूने वाकून आत डोकावू नये. सीट सुटण्याची वाट तीच आहे. ढिगारा जळत असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूला राहायचं, कारण कार्बन फायबरचे जळके तंतू फुप्फुसात जातात. एफ-१६ असेल तर आपत्कालीन वीजयंत्रासाठी ठेवलेलं हायड्राझिन गळत असू शकतं. त्याचा वास अमोनियासारखा, आणि वास आला म्हणजे आपण आधीच जास्त जवळ गेलेले आहोत. सीटची पिन कुठे घालायची हे मॉडेलगणिक बदलतं. त्या मॉडेलवर काम करणारा आर्मरर (शस्त्रं-स्फोटकांचा तंत्रज्ञ) येईपर्यंत दोरी बांधून माणसं लांब ठेवायची, आणि फोटो काढायचाच झाला तर दोरीच्या बाहेरूनच.